अंबादास वैतींची सही

१

कॉफीच्या त्या पाकिटात शंभरातले अडतीस भाग चिंचोके होते.

प्रयोगशाळेचा अहवाल वनमाला नाईकधुरेने दोनदा वाचला. भाजून दळलेले चिंचोके, आणि त्यांचा फिकेपणा झाकायला घातलेला, खाण्यात वापरायला मनाई असलेला एक काळपट रंग. खाली शेरा होता, ‘असुरक्षित’. अन्न खात्यात तीस वर्षं काढल्यावर भेसळीचं नवल वाटत नाही. वनमालाला नवल वाटलं ते अहवालाला जोडलेल्या दुसऱ्या कागदाचं.

पाकीट ‘दर्यावर्दी’ कॉफीचं होतं. माल इंडोनेशियाहून दळलेला, पोत्यांत भरून यायचा. विक्रोळीच्या गोदामात त्याची चव तपासली जायची आणि मग पाकिटं भरली जायची. बंदरावर घेतलेले नमुने स्वच्छ होते. म्हणजे घाण झाली ती बंदर सोडल्यानंतर. आणि परदेशात कुणी कॉफीत भेसळ केली तर मका घालेल, जव घालेल. चिंचोके घालायला इथलंच डोकं लागतं.

एक नाही, तीन खेपा खराब निघाल्या होत्या. तिन्ही खेपांच्या चवीच्या दाखल्यावर एकच सही होती. अंबादास वैती.

वनमाला त्या सहीकडे बघत राहिली. वीस वर्षांपूर्वी हा माणूस त्यांच्या खात्यात शिकवायला आला होता. डोळ्यांवर रुमाल बांधून सात कप नुसते हुंगले आणि कुठला कप कुठल्या डोंगरावरचा ते सांगितलं. शेवटचा कप हुंगून हसला आणि म्हणाला, “हा कप ज्याने धुतला, त्याच्या हाताला साबण तसाच होता.” कप वनमालानेच धुतला होता.

“पैसे चारले असतील म्हाताऱ्याला,” साहेब म्हणाले. “दोन दिवसांत प्रकरण पोलिसांकडे द्या. सही त्याची आहे, आणखी काय पाहिजे?”

वनमालाने जेवणाचा डबा पिशवीत टाकला आणि विक्रोळीला निघाली.

२

गोदाम पूर्वेला, जुन्या कारखान्यांच्या मागे होतं. तिथून पुढे खाडी आणि तिवरं. पंचांना घेऊन तिने तिन्ही खेपांचा उरलेला माल सील केला आणि चव घेण्याच्या खोलीकडे वळली.

दारावर सुबक अक्षरांत पाटी होती: ‘वासाचं काहीही अंगाला लावून आत येऊ नये.’

“दादांनी स्वतः लिहिलीय,” रुचिरा म्हणाली. ही अंबादासच्या हाताखाली चव शिकणारी मुलगी, असेल सव्वीस-सत्तावीसची. बोलता बोलता तिने केसांतला गजरा काढला आणि दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला. “मॅडम, तुम्ही हाताला सॅनिटायझर लावलंय ना? तिथे नळ आहे, धुऊन घ्या. दादा चिडतात.”

वनमालाने हात धुतले.

आत लांब टेबल, पांढरे कप, थंड पाण्याचे ग्लास. टेबलाच्या टोकाला अंबादास वैती बसले होते. सत्तरीला आलेले, कोळ्यांसारखे रापलेले, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात. त्यांनी वनमालाला ओळखलं नाही.

मालक सुशांत करंगुटकर उंबऱ्याबाहेरच थांबला. “मी इथूनच बोलतो, मॅडम. सकाळी सेंट मारलाय. आत आलो तर दादा माझाच पंचनामा करतील.”

तो हसायला गेला, पण जमलं नाही. धंदा त्याच्या वडिलांपासूनचा. कालपासून त्याचा फोन थांबला नव्हता. दुकानं माल परत पाठवत होती.

वनमालाने तिन्ही दाखले टेबलावर मांडले. “दादा, ही सही तुमची?”

“माझीच.”

“माल तुम्ही चाखला होता?”

“चाखल्याबिगर मी सही करत नाय.”

तेवढ्यात चहा घेऊन गोदामाचा सुपरवायझर दिपेश आत आला. पस्तिशीचा, गोरागोमटा, उजवा खांदा जरा वर धरून चालणारा. “पोती उचलून उचलून वाट लागलीय,” तो वनमालाला म्हणाला. खांद्याला लावलेल्या बामाचा झोत त्याच्याबरोबर आत आला. त्याने अंबादासपुढे कप ठेवला, कपाचा कान त्यांच्या हाताकडे वळवला. “दादा, गरम आहे हां. सांभाळून.”

अंबादासने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काहीतरी होतं, पण वनमालाला ते वाचता आलं नाही.

“दादा,” तिने पुन्हा विचारलं, “कुणी सांगितलं होतं का सही करायला? दमदाटी केली?”

“लिहून घे, बाय,” अंबादास म्हणाले. “दोष माझा हाय. दुसऱ्या कोनाचा नाय.”

३

जो माणूस इतक्या घाईने दोष कबूल करतो, तो कुणालातरी झाकत असतो. वनमालाने तिघांना वेगवेगळं गाठलं.

सुशांत केबिनमध्ये डोकं धरून बसला होता.

“मी कशाला करेन? मरायचंय का मला? आणि करायचंच असतं तर दादांच्या हातात माल देऊन केलं असतं? अहो, त्यांच्या नाकाखालून चिंचोके पाठवायचे म्हणजे पोलीस चौकीत जाऊन पाकीट मारायचं. असा वेडेपणा कोण करेल सांगा!”

हे वाक्य वनमालाने वहीत लिहून घेतलं, शब्दन्‌ शब्द.

दिपेश मोकळेपणाने बोलला. राहायला आरे कॉलनीत, काकाकडे. कुठली खेप कधी उघडायची ते तोच ठरवायचा. हजेरीचं पुस्तकही त्याच्याकडेच. “दादा देवमाणूस आहेत, मॅडम. पण वय झालं ना. होते चूक.” मग जरा थांबून म्हणाला, “तुम्ही हजेरी बघा एकदा. मी कुणाचं नाव घेत नाही. पण बघा.”

वनमालाने हजेरी पाहिली. तीन खराब खेपा, तीन तारखा. तिन्ही तारखांना रुचिरा रजेवर होती.

रुचिराचा चेहरा उतरला. “परीक्षा होत्या माझ्या, मॅडम. हॉल तिकीट आहे, दाखवते. तुम्हाला काय वाटतं, मी दादांना फसवेन? मला कॉफीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळं त्यांनी शिकवलं.”

“कसं शिकवतात ते?”

“प्रत्येक खेप आधी मला हुंगायला लावतात, चाखायला लावतात. स्वतः नंतर.” डोळे पुसत ती जराशी हसली. “आणि मी हुंगत असताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसतात. आधी मला कसंतरी व्हायचं. मग कळलं, त्यांच्या मनात तसलं काही नसतं. परीक्षा घेतल्यासारखं बघतात.”

“कधीपासून?”

“मी लागले तेव्हापासून. चार वर्षं झाली.”

खेप तपासायच्या दिवशी रुचिरा हजर असली की माल चांगला, नसली की खराब. हाती लागलं ते सगळं रुचिराकडे बोट दाखवत होतं. पण बोट आधी दिपेशने दाखवलं होतं, हेही वनमालाच्या मनातून जात नव्हतं.

तिने घड्याळ पाहिलं. अंबादास पोट बिघडल्याचं सांगून दुपारीच घरी गेले होते.

४

खारदांड्याच्या गल्लीत बोंबील वाळत घातले होते. अंबादासचं घर टोकाला, समुद्राच्या बाजूला. दार नुसतं लोटलेलं.

वनमालाने दार ढकललं आणि तिचा पदर आपोआप नाकाशी गेला.

घरात उंदीर मेला होता. आज नाही, परवा केव्हातरी. वास असा होता की डोळ्यांत पाणी यावं. आणि त्या वासाच्या मधोमध अंबादास खुर्चीवर शांत बसून रेडिओ ऐकत होते.

“ये बाय, बस,” ते म्हणाले. “पाणी आणू?”

वनमाला बसली. पदर तिने खाली घेतला. स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. त्यावर दोन ताटं धुऊन पालथी घातलेली. भिंतीवर हार घातलेला बायकोचा फोटो.

“दादा, घरी कोण कोण असतं?”

“मीच. ही जाऊन नऊ वर्सं झाली. लेक दुबईला.”

“दादा,” वनमाला हळूच म्हणाली, “कपाटाखाली उंदीर मेलाय.”

रेडिओवर बातम्या चालू होत्या. अंबादासने हात लांब करून तो बंद केला.

“कवापासून?”

“परवा मेला असेल. वास काल रात्रीपासून तरी सुटला असेल.”

“काल रातीपासनं.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “म्हंजे ह्या वासात मी जेवलो.”

मग ते बोलायला लागले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ताप आला. ताप गेला, तो नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही. “लहानपनी आजा मना होडीवर न्यायचा. वाऱ्याच्या वासावरनं सांगायचो, जाळं कुटं टाकायचं. चाळीस वर्सं कॉफीवाल्यांनी ह्या नाकाला नमस्कार केला. मी कोनाला जाऊन सांगू, की आता नाय ते?”

“मग खेपा कशा तपासत होता?”

“रुचिराच्या तोंडावरनं. पोरीचं नाक सोन्याचं हाय, तिला म्हायती नाय. तिची भुवय जरा जरी हलली तर माल परत.”

म्हणून चार वर्षं ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आणि म्हणूनच रुचिरा नसताना माल पास होत होता. वनमालाचं डोकं भराभर चालायला लागलं. सुशांत म्हणाला होता, अंबादासच्या नाकाखालून असा माल पाठवायला माणूस वेडा हवा. वेडा तरी हवा, किंवा ते नाक मेलंय हे माहीत असणारा तरी हवा.

“दादा, हे अजून कुणाला माहीत आहे?”

“कोनाला नाय.”

“दादा.”

“सांगितलं ना, कोनाला नाय!” त्यांचा आवाज चढला आणि तुटला.

वनमाला उठली. सुपली, केरसुणी शोधून तिने उंदीर काढला, बाहेर नेऊन टाकला, खिडक्या उघडल्या. शेजारच्या पायरीवर मासे निवडत बसलेली अंजनाबाई बघत होती.

“कोन लागतेस गं तू अंबादासची? कोन येत नाय त्याच्याकडं. आम्ही हाक मारली तर दार लावून घेतो.” तिने सुरी पुसली. “रविवारी तेवढं कामावरचं कोन तरी येतं. हेल्मेट घालूनच आत जातं. दुपारभर असतं. तेवढाच एक दिस हा मानूस हसतो.”

आज सोमवार होता. ओट्यावर दोन ताटं होती.

५

कन्नमवार नगरच्या घरी वनमालाने संध्याकाळी कुकर लावला. एकटीचा भात किती लावायचा हे तिला अजून जमत नसे, दुसऱ्या दिवशी उरायचाच. जेवताना तिने टीव्ही लावला नाही.

ज्याला अंबादासचं गुपित ठाऊक होतं, तो ते कसा लपवणार? तो शब्दाने बोलणार नाही. पण आपण रोज ज्या धाकात वागतो तो धाक खोटा आहे हे एकदा कळलं, की शरीर ते विसरू शकत नाही.

तिने त्या खोलीचं दार आठवलं. रुचिराने गजरा काढून खिळ्याला लावला होता. सुशांत मालक असून उंबरा ओलांडत नव्हता. दोघांच्याही लेखी आत बसलेलं नाक जिवंत होतं.

घास तिच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिघांना त्याच खोलीच्या दाराशी बोलावलं. विक्रोळी पोलीस ठाण्यातले हवालदार धाकू गावडे सोबत होते. अंबादासला तिने बोलावलं नव्हतं.

“आत चला,” ती म्हणाली.

रुचिराने गजरा काढला. सुशांत घुटमळला. “मॅडम, मी सेंट...”

दिपेश आत जाऊन उभा होता. कालच्यासारखाच बामाचा वास आला.

“दिपेश,” वनमाला म्हणाली, “दारावरची पाटी वाचलीस का रे कधी?”

“हो. का?”

“तुझे मालक चार पावलं लांब थांबतात. ही मुलगी रोज गजरा काढते. मलाही काल हात धुवायला लावले. तू एकटाच बाम चोळून थेट दादांच्या शेजारी जाऊन उभा राहतोस आणि दादा एक शब्द बोलत नाहीत. त्यांना वास येत नाही हे तुला माहीत आहे. या गोदामात फक्त तुला माहीत आहे.”

रुचिराच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. सुशांतने चौकटीला हात टेकला.

“हजेरीपुस्तक तुझ्याकडे,” वनमाला पुढे म्हणाली. “रुचिरा कधी नसेल हे तुला आधी कळायचं. कुठली खेप कधी उघडायची तेही तूच ठरवायचास. ज्या दिवशी तिचं नाक नाही, त्या दिवशी तुझी पोती टेबलावर.”

दिपेशचा चेहरा बदलला नाही. “बाम लावला म्हणून गुन्हा होतो का, मॅडम? दादांना वास येत नाही हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. विचारा त्यांना. ते सांगतील तसं.”

आणि तो खात्रीने बोलत होता. अंबादास त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार नाहीत याची ती खात्री होती. वनमालालाही मनातून तीच भीती होती. तिच्या हातात तर्क होता, पुरावा नव्हता.

“मना विचारायची गरज नाय,” मागून आवाज आला.

अंबादास दारात उभे होते. खारदांड्याहून दोन बस बदलून आले होते, सदरा घामाने भिजलेला.

“रविवारी हाच येतो,” ते म्हणाले.

६

वर्षापूर्वी एका रविवारी गोदामाची किल्ली न्यायला दिपेश खारदांड्याला गेला होता. दार उघडताच त्याला गॅसचा वास आला. शेगडीचा कॉक रात्रभर उघडा होता आणि अंबादास काडी ओढायच्या बेतात होते. त्याने त्यांना ओढून बाहेर काढलं. तिथे पायरीवर बसून अंबादासने त्याला सगळं सांगितलं. कुणालातरी सांगायचंच होतं.

मग तो दर रविवारी यायला लागला. मासे आणायचा, अंबादास रांधायचे, दोघं जेवायचे, दुपारी पत्ते खेळायचे.

“तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं?” वनमालाने विचारलं.

“नसंल. नंतर आलं असंल.”

“आणि तुम्हाला खरंच कळलं नाही, दादा? तीन वेळा?”

अंबादासने टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बोट केलं. “कॉफी पान्यावर टाकली तर तरंगते. नाक नसलं तरी डोळे हायत. दुसऱ्या खेपेची अर्धी पूड दगडासारखी तळाला गेली. मी बघितलं. ह्याच्याकडं बघितलं. हा म्हनाला, ‘दादा, रविवारी पापलेट आणू?’” ते थांबले. “मी सही केली.”

वनमालाने जबाब लिहिला. ‘मी बघितलं’ हे वाक्य गाळता आलं असतं. तिचं पेन तिथे थबकलं.

“ते पन लिही,” अंबादास म्हणाले. “काल तू उंदीर उचललास. तुला कायच पायजे नव्हतं माझ्याकडनं. रातभर बसून तोच इचार केला.”

त्याच दुपारी आरे कॉलनीत दिपेशच्या काकांच्या तबेल्यामागे पोलिसांना बंद शेड सापडली. म्हशींच्या खुराकाच्या नावाने आणलेली चिंचोक्यांची पोती, एक मोठी कढई, रंगाचे डबे, आणि कोपऱ्यात काढून ठेवलेली अस्सल कॉफी, विकायला तयार. दिपेशने मग फार वेळ नाकारलं नाही.

तिन्ही खेपांचा माल नष्ट झाला. सुशांतला दंड झाला, पण त्याने धंदा टिकवला. चवीच्या दाखल्यावर आता रुचिराची सही असते. अंबादासचं नावही आरोपपत्रात आलं. जबाबामुळे त्यांना त्रास कमी होईल असं वकील सांगत होता, पण कॉफीच्या धंद्यात त्यांचं नाव घेणं लोकांनी बंद केलं.

दीड महिन्याने कोर्टाच्या आवारात दिपेशने वनमालाला हाक मारली. शिपायाने त्याचा हात धरलेला होता. ती त्याच्या शिव्या ऐकायच्या तयारीने थांबली.

“मॅडम, दादांकडे जाता का?”

“का?”

“त्यांना म्हणावं, दूध आलं की सकाळीच तापवा. ते तसंच ठेवतात संध्याकाळपर्यंत. उन्हाळा लागलाय, नासेल. त्यांना कळत नाही ना.” त्याने मान वळवली. “दर रविवारी मीच ओतून टाकायचो. त्यांना सांगितलं नाही कधी.”

त्या रविवारी वनमाला खारदांड्याला गेली. कामाचा कागद होता, जबाबाची प्रत द्यायची होती. सोमवारी दिली असती तरी चाललं असतं.

अंबादासने चष्मा लावून प्रत वाचली. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. खाली समुद्राला भरती होती, होड्या हलत होत्या.

“भेटला काय तो?” प्रतीवरून नजर न उचलता त्यांनी विचारलं.

“भेटला.”

“काय म्हनला?”

वनमालाने निरोप सांगितला, जसा होता तसा. नासलेलं दूध ओतण्याचंही सांगितलं.

अंबादासने चष्मा काढला आणि ते सदऱ्याच्या टोकाने तो बराच वेळ पुसत राहिले. काचा स्वच्छ होत्या.

“पुढची तारीख कवा?”

“बावीसला.”

“त्याला सांग, ह्या कागदातली एक ओळ पन मी बदलनार नाय. कोर्टात उभा राहून हेच बोलनार.” त्यांनी प्रतीची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. वनमाला उठून चपला घालायला लागली, तेव्हा ते पुन्हा बोलले, आतल्या अंधाऱ्या ओट्याकडे बघत.

“आनि सांग, सकाळीच तापवतो म्हनावं.”